सिंथेटिक विग आणि नकली फर घरी रंगवायचेत, दोन्हीवर एकच शेड येईल का?

निळसावली

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. एका पोशाखाचं काम हातात आहे, त्यात कमरेपर्यंत लांब सरळ केसांचा विग आहे आणि खांद्यावर फरची चांगली रुंद कॉलर, दोन्ही एकाच रंगाचे म्हणजे गडद मोरपंखी, फक्त फरची टोकं जराशी राखाडी. या शेडचा विग तयार काही मिळेना, जे मिळतात ते एकतर भडक निळे नाहीतर सरळ हिरवे, आणि फर तर त्या रंगात मी बघितलीच नाहीये कुठे. म्हणून दोन्ही पांढरे आणलेत आणि घरीच रंगवायचा विचार आहे.

विगच्या पाकिटावर ‘हीट रेझिस्टंट फायबर’ एवढंच लिहिलंय, पुढे कपाळाशी लेस आहे. फरच्या लेबलवर मोडॅक्रिलिक आणि मागचं कापड पॉलिएस्टर असं आहे. केसांना लावायचा डाय विगच्या आतल्या एका बटेवर लावून बघितला, धुतल्यावर सगळा निघून गेला, बट पांढरी ती पांढरीच. व्हिडिओ बघावेत तर प्रत्येक जण वेगळं सांगतो, कोणी मार्करची शाई स्पिरिटमध्ये घालून फवारतंय, कोणी अख्खा विग पातेल्यात शिजवतंय, कोणी ॲक्रिलिक पेंट लावतंय.

तर दोन्ही एकाच पातेल्यात एकाच रंगात टाकले तर शेड मॅच होईल ना? आणि मानेला, कपड्याला रंग लागणार नाही अशी कुठली पद्धत आहे का, कारण पोशाख दिवसभर अंगावर असणारे आणि घाम येणारच. गरम पाण्यात फरचा गोळा होतो असं एकीने सांगितलं, खरंय का ते? घाई अजिबात नाहीये, नीटच करायचंय.

रंगारी_काका

आधी मुख्य उत्तर देतो. दोन्ही एकाच पातेल्यात टाकू नका. विग उकळीच्या पाण्यात टिकेल अशी शक्यता आहे, फर टिकणार नाही.

आता कारण. केसांचा डाय प्रोटीनसाठी बनवलेला असतो, त्यातला अल्कली केसाची वरची खवलं फुगवून उघडतो, रंगाचे छोटे रेणू आत जातात आणि पेरॉक्साइडमुळे तिथेच मोठे होऊन अडकतात. विगचा धागा प्लास्टिकचा, त्याला ना खवलं ना आत शिरायला वाट, त्यामुळे डाय वरच बसला आणि पाण्याबरोबर गेला. सुती कपड्यांचे पुडीतले रंग पण चालणार नाहीत, ते कापसाला धरतात, प्लास्टिकला नाही.

प्लास्टिकच्या धाग्यासाठी वेगळी जात आहे, डिस्पर्स डाय. हे १९२० च्या दशकात असिटेट रेशमासाठी निघाले, कारण तोवरचा कुठलाच रंग त्या नवीन धाग्याला धरत नव्हता, आणि पुढे पॉलिएस्टर आलं तेव्हा त्यालाही हेच कामाला आले. हा रंग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, बारीक कणांच्या रूपात तरंगत राहतो, आणि संधी मिळाली की पाणी सोडून धाग्याच्या आत जाऊन विरघळतो. संधी म्हणजे उष्णता. ठराविक तापमानाच्या वर धाग्यातले रेणू सैल होतात, त्यांच्यात फटी पडतात, रंग आत जातो, गार झालं की फटी मिटतात आणि रंग आत बंद. म्हणून असा रंगवलेला विग मानेला डाग पाडत नाही, तुम्हाला हवंय ते हेच.

पण त्यासाठी धागा तापवावा लागतो, आणि इथेच विग आणि फर वेगळे होतात. पॉलिएस्टर गिरणीत प्रेशरखाली १३० अंशाला रंगवतात, घरी आपण ९०-९५ पर्यंत नेतो आणि फटी जास्त उघडाव्यात म्हणून कॅरिअर नावाचं रसायन घालतो, काही ब्रँडमध्ये त्याची वेगळी पुडी येते आणि तिला उग्र वास असतो, खिडक्या उघड्या ठेवा. पॉलिएस्टर एवढं सहज सोसतं. मोडॅक्रिलिक नाही सोसत. तो धागा पाण्यात असताना कोरड्यापेक्षा लवकर नरम पडतो, टोकं आधी वाकडी होतात, मग आखडतात, आणि एकदा आखडलेला धागा कुठल्याच उपायाने सरळ होत नाही. गोळा होतो म्हणाल्या त्या बरोबर म्हणाल्या.

म्हणून विग एका पद्धतीने आणि फर दुसऱ्या पद्धतीने रंगवा आणि शेड डोळ्याने जुळवा. जुळते, फक्त क्रम नीट ठेवायचा.

टोपकरी

काकांचं सगळं बरोबर आहे, पण त्याच्याही आधीची एक पायरी आहे. ‘हीट रेझिस्टंट’ लिहिलंय म्हणजे पॉलिएस्टरच असेल असं धरून चालू नकोस गं. विगमध्ये मुख्यतः मोडॅक्रिलिक, पॉलिएस्टर आणि पीव्हीसी असे धागे असतात, कधी मिसळलेलेही असतात, आणि पाकिटावर खरं नाव क्वचित लिहितात. कानेकालोन हे नाव ऐकलं असशील, तो जपानच्या कानेका कंपनीचा मोडॅक्रिलिक, १९५७ पासून बनतोय, मऊ असतो, खऱ्या केसांसारखा पडतो, पण उकळीचं पाणी त्याला नको.

ओळखायला बरेच जण धागा जाळून बघतात. विगच्या बाबतीत मला ती पद्धत पटत नाही, कारण विगच्या धाग्यात आग विझवणारे घटक मुद्दाम घातलेले असतात, मग पॉलिएस्टर पण विझतं आणि मोडॅक्रिलिक पण विझतं, कळत काहीच नाही आणि धूर मात्र वाईट असतो, पीव्हीसी आणि मोडॅक्रिलिक दोन्हीत क्लोरीन आहे. त्यापेक्षा ॲसिटोन घे, काचेच्या वाटीत थोडंसं, आणि आतल्या बाजूचे पाच-सहा केस कापून त्यात बुडव. मोडॅक्रिलिक असेल तर मऊ पडेल, चिकट होईल, कधी पूर्ण विरघळेल. पॉलिएस्टरला काही होत नाही. वाटी प्लास्टिकची नको आणि गॅस पेटलेला नको.

मग दुसरी टेस्ट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. छोटी बट दोऱ्याने बांध, तिची लांबी मोजून ठेव आणि ९० अंशाच्या पाण्यात दहा मिनिटं सोड, थर्मामीटर लावूनच, अंदाजाने नको. बाहेर काढून गार झाल्यावर परत मोज आणि बोटांत धरून बघ. लांबी तीच, स्पर्श तोच, तर विग पातेल्यात जाऊ शकतो. आखडली, किंवा चकाकी जाऊन भुरभुरीत झाली, तर पातेलं विसरायचं.

आणि लेसचं काय करणारेस? ती पण सिंथेटिक जाळीच असते, रंग उचलते. कपाळावर मोरपंखी पट्टी दिसायला लागली की लेस घेतल्याचा उपयोगच संपला. त्यामुळे लेस विग अख्खा बुडवायचा नाही. ते कसं करायचं त्यावर नंतर लिहिते, आधी टेस्ट कर.

सोनसळी

मी बहुतेक विग शाईनेच रंगवते, म्हणून त्याबद्दल सांगते. ज्यांचा विग गरम पाण्यात जाऊच शकत नाही त्यांच्यासाठी ही खरंच चांगली पद्धत आहे, उगाच नावं ठेवतात लोक.

परमनंट मार्कर, शार्पी वगैरे, त्याच्या आतली शाईची नळी काढून चिरायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजत ठेवायची, किंवा सरळ अल्कोहोल मार्करची रिफिल शाई घ्यायची, कॉपिकची मिळते, ती घेतली तर शेड दर वेळी सारखी येते. शाई अल्कोहोलमध्ये पूर्ण मिसळली की स्प्रे बाटलीत भरायची. विग आधी शॅम्पूने धुऊन पूर्ण वाळवायचा, कारण नवीन विगवर सिलिकॉनचा थर असतो, त्यावर शाई थेंबाथेंबाने बसते. मग विग छोट्या छोट्या भागात वेगळा करायचा, एकेक भाग फवारायचा, हातमोजे घालून बोटांनी दोन्ही बाजूंनी चोळायचा, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर विंचरायचा आणि वाळू द्यायचा. एका हातात गडद शेड येत नाही, हलके हलके थर द्यावे लागतात. मुळांशी फवाऱ्याऐवजी ब्रश वापरायचा, म्हणजे लेस आणि टोपी, म्हणजे विगचे केस जिच्यावर शिवलेले असतात ती, वाचते.

सगळं मोकळ्या हवेत करायचं, जवळ ज्योत नको, बटण टाकताना ठिणगी उडेल असं काही नको. आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ नेहमीच्या हवेत सुद्धा पेट घेते. बंद बाथरूममध्ये अजिबात नको.

तोटा एकच, पण मोठा आहे. शाई धाग्याच्या वर बसते, आत जात नाही. पूर्ण वाळल्यावर गार पाण्याने पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा आणि पांढऱ्या कपड्याने पुसून बघायचं, तरी सुरुवातीला थोडा रंग उतरतोच. पाण्याने जात नाही, पण सॅनिटायझर, परफ्यूम, हेअरस्प्रे यात अल्कोहोल असतं आणि त्याने परत ओला होतो. हेअरस्प्रे तर विगवर सगळेच मारतात आणि मग म्हणतात की शाई टिकत नाही. स्टाइल करायची तर आतल्या बटेवर स्प्रे मारून पांढऱ्या टिश्यूने आधी तपासायचं.

शिंपला

एक शंका. विगला मोकळं सोडून फरच जर व्हिनेगर घालून उकळली तर रंग पक्का होतो ना? लोकरीला तसंच करतात.

रंगारी_काका

@शिंपला, लोकर, रेशीम आणि नायलॉन यांना ॲसिड डाय धरतो, तिथे व्हिनेगरचं खरं काम आहे. मोडॅक्रिलिकला तो रंगच धरत नाही, मग व्हिनेगर कितीही घाला. व्हिनेगर स्वतः काही पक्कं करत नाही, पाणी आंबट करतं, आणि त्याचा फायदा त्या जातीच्या रंगाला होतो. आणि उकळल्याने फर जाईलच. या फरसाठी उकळी हा शब्द नको.

झिपरी_शेपटी

फर हा माझा विषय, म्हणून जरा लांब लिहितोय, चालवून घ्या.

आधी फर कशी असते ते बघा. मागे विणलेलं कापड आणि त्यातून बाहेर आलेले केस. कापड पॉलिएस्टरचं, केस मोडॅक्रिलिक किंवा ॲक्रिलिकचे. म्हणजे गरम डिस्पर्स डायमध्ये टाकली तर दोन गोष्टी एकदम होतात, केस आखडतात आणि कापड वेगळ्याच शेडचं होतं. ज्यांना फिकट शेड हवी असते ते कमी तापमानात, ६०-६५ पासून, तुकड्यावर बघत बघत पुढे जातात, आणि पेस्टल रंग तसे येतातही. गडद मोरपंखी तसा यायचा नाही, रंग आत जाण्याइतका धागा सैलच होत नाही तेवढ्यात. म्हणून तुमच्यासाठी ॲक्रिलिक पेंट किंवा शाई, आणि माझं मत पेंटच्या बाजूने आहे, कॉलर मानेला घासणार म्हणून.

पेंट सरळ ट्यूबमधून लावला तर केस काड्यांसारखे कडक होतात. त्यात टेक्स्टाइल मीडियम घालायचं, ते पेंटला लवचिक ठेवतं, बाटलीवर प्रमाण दिलेलं असतं, आणि मग पाणी घालून दुधाएवढं पातळ करायचं. फर आधी गार पाण्यात साबणाने धुऊन वाळवलेली हवी. लावताना हलकी ओलसर ठेवा म्हणजे रंग एका जागी बसत नाही. ब्रशने किंवा स्पंजने केसांच्या दिशेने लावायचा, मुळाकडून टोकाकडे, आणि कापडापर्यंत भिजवायचा नाही. कापड पेंटने भिजलं की वाळल्यावर पुठ्ठा होतं आणि कॉलर खांद्यावर नीट पडतच नाही.

आता खरं काम. पेंट लावल्यावर लगेच स्लिकर ब्रशने, म्हणजे पाळीव प्राण्यांना विंचरतात तो बारीक वाकड्या तारांचा ब्रश, फर विंचरायची, आणि वाळेपर्यंत मधून मधून विंचरत राहायचं. हे सोडून उठायचं नाही. पेंट अर्धवट वाळला की केस एकमेकांना चिकटायला लागतात, त्या वेळी विंचरलं तर सुटतात, पूर्ण वाळल्यावर विंचरलं तर तुटतात. म्हणून एका वेळी मोठा भाग घेऊच नये, हाताच्या पंजाएवढा घ्यावा. हेअर ड्रायर लावायचाच असेल तर गार हवेवर. गरम हवा जवळून लागली तरी टोकं कुरळी होतात. पेंट पक्का करायला इस्त्री करा असं बाटलीवर लिहिलेलं असतं, ते सुती कापडासाठी आहे, फरवर इस्त्री फिरवायची नाही, त्याऐवजी थोडे दिवस तशीच हवेवर ठेवायची.

थर पातळ ठेवा. पहिला थर फिकट दिसेल, मन खट्टू होईल, तरी जाड लावू नका. गडद शेड दोन-तीन पातळ थरांत येते आणि केस मऊ राहतात.

राखाडी टोकांसाठी एअरब्रश असेल तर उत्तम, नसेल तर जवळजवळ कोरडा ब्रश घेऊन फक्त टोकांवरून फिरवायचा. आणि हे शिवून झाल्यावर करा. कॉलर खांद्यावर चढली की फर कुठे दुमडते, कुठे उभी राहते, त्याप्रमाणे छटा द्यायची असते, सपाट तुकड्यावर दिलेली छटा शिवल्यावर भलतीकडेच जाते. मूळ मोरपंखी मात्र शिवायच्या आधी. कापताना मागच्या बाजूने ब्लेडने फक्त कापड कापायचं, कात्रीने केस छाटले जातात आणि शिवणीपाशी टक्कल दिसतं.

निळसावली

बापरे, किती नीट सांगितलंत सगळ्यांनी, खूप आभार. दोन्ही टेस्ट केल्या. ॲसिटोनमध्ये विगच्या केसांना काहीही झालं नाही. गंमत म्हणून फरचे चार केस टाकले तर ते चिकट होऊन एकमेकांना लागले, म्हणजे लेबल खरं आहे. गरम पाण्यातली बट पण जशीच्या तशी, लांबी तीच, फक्त टोकाला थोडा बाक होता तो गेला. म्हणजे विग पॉलिएस्टर धरून चालू ना?

आता टोपकरी ताई, लेसचं सांगा. आणि काका, मोरपंखी कसा बनवायचा, रेडी तो रंग मिळत नाहीये, निळा आणि पिवळा मिळतोय. आणि दोघांची शेड जुळवायची कशी, एक डायने आणि एक पेंटने?

टोपकरी

छान, पॉलिएस्टरच दिसतंय. बाक गेला ते लक्षात ठेव, गरम पाण्यात विगची सगळी मूळ स्टाइल जाते, कुरळा असेल तर सरळ होतो. तुझा सरळच आहे म्हणून चिंता नाही, पण पुढच्या बटांना वळण दिलेलं असेल तर ते रंगवल्यानंतर परत द्यावं लागेल.

लेससाठी मी असं करते. विग उलटा धरून केसांची लांबी तेवढी पातेल्यात सोडायची आणि टोपी पाण्याच्या वर ठेवायची. पातेल्यावर आडवी काठी ठेवून तिला टोपी बांधली की हात मोकळे राहतात आणि वाफेपासून तोंडही लांब राहतं. केस टोपीपासून दोन-तीन बोटांपर्यंत रंगतात, वरचा तेवढा भाग पांढरा उरतो. तो नंतर सोनसळीच्या पद्धतीने शाई आणि बारीक ब्रशने भरायचा. लेसच्या बाजूने एकेक ओळ घेत, ब्रश निथळून, अल्कोहोल कमीत कमी, कारण अल्कोहोल पसरलं की शाई जाळीत झिरपते. जाळीखाली टिश्यू धरला तर जास्तीची शाई तो ओढून घेतो. मुळाशी शेड थोडी गडद आली तर उलट बरं दिसतं, खऱ्या डोक्यावर पण मुळाशी सावली असतेच.

विग पातेल्यात सोडायच्या आधी केसांचे चार-पाच भाग करून सुती दोऱ्याने सैल बांध, घट्ट बांधलंस तर दोऱ्याखाली पांढरे पट्टे राहतात. रंग चालू असताना ढवळायचं नाही, हलके वरखाली करायचं. गरम आणि ओले असे लांब केस एकदा गुंतले की सोडवताना निम्मे हातात येतात. पातेलं मोठं घे, केस त्यात मोकळे तरंगले पाहिजेत, कोंबले तर डाग डाग येतात. झालं की लगेच गार पाण्यात टाकू नकोस, त्याच पाण्यात कोमट होऊ दे, मग धू. शेवटी पाण्यात थोडं फॅब्रिक सॉफ्टनर घालून बुडवून ठेव, लटकवून वाळव, वाळल्यावरच विंचर.

रंगारी_काका

रंगाचं सांगतो. निळा जास्त, पिवळा अगदी थोडा, आणि गडद करायला काळ्याऐवजी राखाडी किंवा किंचित तपकिरी. काळ्याने मोरपंखीचा जीव जातो, मळका दिसतो. पिवळा एकदम ओतू नका, निळ्यात चमच्याचमच्याने वाढवा, पिवळा कमी पडला तर घालता येतो, जास्त झाला तर सगळं हिरव्यावर जातं आणि मग निळा ओतत बसावं लागतं.

ब्रँड रिट डायमोर घ्या किंवा जॅकार्डचा आयडाय पॉली, दोन्ही डिस्पर्स आहेत. रिटचा साधा कपड्यांचा रंग वेगळा आहे, नावात डायमोर आहे की नाही ते बघूनच घ्या, साध्याने पॉलिएस्टर रंगत नाही. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब टाका, रंग सारखा पसरतो. स्टीलचं किंवा इनॅमलचं भांडं घ्या, ॲल्युमिनियम नको, आणि ते भांडं आणि चमचे परत स्वयंपाकात वापरायचे नाहीत. पावडरचा रंग असेल तर पुडी उघडताना मास्क लावा.

आधी आतली एक बट रंगवून घ्या, पूर्ण वाळवा आणि मग ठरवा. ओल्या बटेवर विश्वास ठेवू नका, ओलं नेहमी गडद दिसतं. शिवाय मिश्रणातले दोन रंग सारख्या वेगाने आत जात नाहीत, दहा मिनिटांनी दिसलेली शेड आणि चाळीस मिनिटांनी दिसलेली शेड वेगळी असते, त्यामुळे टेस्ट बटेला जेवढा वेळ दिला तेवढाच विगला द्या, तापमानही तेच.

आता मॅचिंग. विग आधी, फर नंतर, हा क्रम बदलू नका. डायवर आपला ताबा कमी असतो, जी शेड आली ती आली, पेंट मात्र आपण वाटीत हवा तसा करू शकतो. विग पूर्ण वाळला की त्याची एक बट समोर ठेवून फरच्या कापलेल्या तुकड्यांवर पेंटच्या शेड लावून बघायच्या. आणि पोशाख ज्या प्रकाशात दिसणारे त्या प्रकाशात बघायच्या, हे फार जण विसरतात. डाय आणि पेंट यांत रंगद्रव्यं वेगळी असतात, दिवसा खिडकीपाशी दोन्ही सारखे दिसतात आणि पिवळ्या बल्बखाली एक हिरवट आणि एक निळा दिसू शकतो. दोन्ही प्रकाशात जुळेल अशी शेड सापडली नाही तर जिथे जास्त वेळ वावरायचं आहे तो प्रकाश धरा.

अजून एक. फर उभी असते, तिच्या केसांच्या मधे अंधार असतो, त्यामुळे तीच शेड फरवर विगपेक्षा जरा गडद दिसते. म्हणून फरचा पेंट किंचित उजळ ठेवा. टोकांना राखाडी देणार आहात त्यामुळे थोडा फरक खपूनही जाईल.

सोनसळी

मानेचं राहिलं ना? लांब केस डायने रंगलेत ते लागणार नाहीत, फक्त रंगवल्यावर पहिल्यांदा कोमट साबणाच्या पाण्यात नीट धू, धाग्यावर नुसते चिकटून राहिलेले रंगाचे कण असतात ते निघून जायला हवेत, नाहीतर तेच कण लागतात आणि मग डायला दोष देतो आपण. शाईचा भाग फक्त मुळाशी आहे, तिथे कपाळ आणि मानेची मागची बाजू एवढंच बघायचं. मागच्या मानेवरची सगळ्यात खालची ओळ शाईने रंगवूच नकोस, ती पांढरी राहिली तर वरच्या केसांखाली झाकली जाते आणि घाम सगळ्यात जास्त तिथेच येतो. विगच्या आत गडद रंगाची विग कॅप घाल.

रंग लागतो का त्याची टेस्ट पण कर, पांढरा सुती रुमाल जरासा ओला करून केसांवरून दाबून ओढायचा, मग कोरडा. रुमाल स्वच्छ राहिला तर झालं.

शिंपला

माझ्याकडे काळा विग आहे, तो याच पद्धतीने मोरपंखी होईल का? आधी ब्लीच करून?

टोपकरी

नाही होणार. विगच्या धाग्याला रंग बहुतेक वेळा कारखान्यात धागा बनतानाच आतून दिलेला असतो, घरातलं ब्लीच तो काढू शकत नाही, धागा खराब तेवढा होईल. डाय पारदर्शक असतो, जो खालचा रंग आहे त्यात भर घालतो, त्यामुळे फक्त फिकटाकडून गडदाकडे जाता येतं. पांढरा, चंदेरी किंवा फिकट सोनेरी विगच घ्या, आणि सोनेरी घेतलात तर मोरपंखीत पिवळा घालायची गरज जवळजवळ उरत नाही, सोनेरीतला पिवळा तेच काम करतो. काळ्या विगमध्ये मोरपंखी हवाच असेल तर त्या रंगाचे तयार केसांचे पट्टे, वेफ्ट म्हणतात ते, आणून आतून शिवा, काळ्यातून मधे मधे दिसतात आणि छान दिसतात.

निळसावली

पिवळा चमच्याने घालत टेस्ट बट केली, निळ्याच्या मानाने पिवळा फारच कमी लागला. आता वाळतेय. काका, बटेला चाळीस मिनिटं दिली आणि ९० वर ठेवलं, विगला पण तेच ना? विग एवढा मोठा आणि बट एवढीशी, मग रंग कमी नाही पडणार?

रंगारी_काका

वेळ आणि तापमान तेच. रंगाचं प्रमाण मात्र धाग्याच्या वजनावर ठरतं, पाण्यावर नाही. बटेचं वजन केलं असेल आणि तिला किती रंग घातला ते लिहून ठेवलं असेल तर विगच्या केसांच्या वजनाच्या हिशोबाने तेवढ्या पटीत वाढवा, टोपीचं वजन साधारण वजा करून. लिहून ठेवलं नसेल तर अजून एक बट वजन करून रंगवा आणि मगच विगला हात लावा. पाणी केस मोकळे तरंगण्यापुरतं घ्या, त्याहून फार जास्त नको. आणि रंग सगळा आधी गरम पाण्यात नीट कालवून, गाळून घाला, विग पाण्यात असताना वरून ओतू नका, जिथे पडेल तिथे डाग धरतो आणि तो निघत नाही.

झिपरी_शेपटी

आणि विग झाला की उरलेल्या त्या गरम पाण्यात फरचा तुकडा ‘बघू तरी’ म्हणून टाकायचा मोह होईल, तेव्हा कापून उरलेला तुकडाच टाका, कॉलरचा नको. कॉलरच्या फरची पेंटची वाटी करायला घ्याल तेव्हा पूर्ण कॉलरला पुरेल एवढी एकदम करा, थोडी जास्तच, झाकण लावून ठेवा. मधेच संपली तर तीच शेड परत बनवणं फार अवघड जातं.